एक तोळा दोन मासे

पुसदच्या सराफा ओळीत लग्नसराईची गर्दी होती. बाया बांगड्यांची मापं देत होत्या, कुणी मोडीचं सोनं पदराच्या गाठीतून सोडत होतं, आणि माझ्या हातात फिक्या निळ्या रंगाच्या दोरीचं वेटोळं होतं. गल्ल्यावरच्या आबांनी चष्म्यावरून पाहिलं.

"हे तोलाचं हाये?"

"हो आबा. अगदी बारीक पाहिजे."

"कायची दोरी हाये ही?"

"मासे धरायची."

आबांचा मुलगा हसला. आबा हसले नाहीत. त्यांनी आधी डोक्यावरचा पंखा बंद करायला लावला, मग इलेक्ट्रॉनिक काट्यावरची काचेची पेटी उघडली आणि म्हणाले, "ठेव."

दोरी नव्वद फुटांची होती, पण मला तिची फक्त पहिली तीस फूट तोलायची होती, आणि कापायची नव्हती. घरी फरशीवर टेप लावून मी मोजून ठेवलं होतं. टोकाचा वीतभर सारख्या जाडीचा भाग सोडला, तिथून पुढे तीस फुटांवर लाल दोऱ्याची गाठ मारली. ही तीस फूट पारड्यात नीट गोल बसवली. उरलेली साठ फूट काट्याशेजारी पारड्याच्याच उंचीवर पुस्तकांच्या चवडीवर ठेवली, म्हणजे तिची ओढ पारड्यावर येऊ नये. आकडे थोडे हलले आणि थांबले. 17.0 ग्रॅम.

मला ग्रेनमध्ये हवं होतं. मोबाईलवर भागाकार करायला घेतला तोवर आबा बोलून गेले, "एक तोळा साडेपाच मासे. जरा कमीच."

त्या एका वाक्यानं माझी सात वर्षं उलटीपालटी झाली. ते कसं, हे सांगायचं तर मला मागे जावं लागेल.

यवतमाळ जिल्हा समुद्रापासून किती दूर आहे ते नकाशावर पट्टी ठेवून बघावं. पश्चिमेला अरबी समुद्र सरळ रेषेत पाचशे-साडेपाचशे किलोमीटर, आग्नेयेला बंगालचा उपसागर साधारण तितकाच. दोन्ही समुद्रांनी सारखंच लांब ठेवलेला हा मुलूख. पण पाणी आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. आम्ही भोई. बाबा पूस धरणावर जाळं टाकायचे. कतला, रोहू, शिंगाळा, कधी वाम. पावसाळ्यात धरण भरलं की नाल्याच्या तोंडाशी मरळ. शाळेतून आलो की माझं काम जाळ्याची फाटकी घरं सांधण्याचं. बाबांनी मला वजनाचा पहिला धडा तिथेच दिला. जाळ्याच्या वरच्या दोराला तरंगे, खालच्या दोराला शिशाच्या गोळ्या. शिसं कमी पडलं तर जाळं पाण्यात आडवं होतं, जास्त झालं तर तरंगे बुडतात. बाबा गोळ्या मोजत नसत. जाळं हातावर उचलून बघत आणि म्हणत, "दोन काढ."

गळाची काठीही घरचीच असायची. मानवेल बांबूची. आमच्याकडच्या डोंगरात दोन बांबू ओळखीचे, एक काटेरी आणि पोकळ कळक, दुसरा मानवेल, बारीक, जवळजवळ भरीव. लाठी मानवेलाची, बैलाला हाकायची काठी मानवेलाची, गळाची काठीही मानवेलाची. तिला तंगूस किती जाड बांधायचा हेसुद्धा बाबा शेंडा वाकवूनच ठरवत. लवचीक शेंड्याला जाड तंगूस बांधला की म्हणत, "काठीचा जीव घेशील."

2012 साली मी कोकणात गेलो. एका नात्यातल्या माणसाच्या ओळखीनं सिंधुदुर्गात कर्ली खाडीच्या मुखाशी एका होडीवर कामाला लागलो. होडी मासेमारीची नव्हती, हौशी लोकांना मासे धरायला नेणारी होती. धरलेला मासा बहुतेक जण फोटो काढून सोडून देत. घरी हे सांगितलं तेव्हा आई बराच वेळ काही बोलली नाही.

तिथे मी पहिल्यांदा फ्लाय रॉड पाहिला.

ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. साध्या गळात वजन टोकाला असतं. शिसं किंवा जड आमिष फेकलं की ते आपल्या मागे दोरी ओढत नेतं. फ्लायमध्ये उलटं. टोकाला असतं पिसांचं, केसांचं, चकाकत्या धाग्यांचं बांधलेलं खोटं माशाचं पिल्लू, तीच फ्लाय. त्याला वजन जवळजवळ नसतंच. पीस फेकून बघा, हातभर पुढे जाईल आणि परत येईल. म्हणून वजन दोरीतच घातलेलं असतं. दोरी जाड, आतून वळलेला गाभा आणि बाहेरून प्लास्टिकचा थर. ही दोरी मागे हवेत पसरवायची, ती पूर्ण ताणली की रॉड वाकतो, वाकलेला रॉड सरळ होताना दोरीला पुढे ढकलतो. दोरी हवेत आकड्यासारखं वळण घेत उलगडत जाते आणि शेवटी पिसाला अलगद पाण्यावर ठेवते. रॉड म्हणजे इथे धनुष्य, आणि दोरी म्हणजे एकाच वेळी प्रत्यंचा आणि बाण. रॉड किती वाकला पाहिजे हे दोरीच्या वजनावर ठरतं. कमी वजन असेल तर रॉड ताठ उभा राहतो, हातात काहीच येत नाही. जास्त असेल तर रॉड मुळापर्यंत वाकतो आणि त्याला वर येताच येत नाही.

म्हणून रॉडवर आकडा लिहिलेला असतो आणि दोरीच्या खोक्यावरही. आठ नंबर रॉडला आठ नंबर दोरी. कर्ली खाडीत जिताडा आणि कांदळाच्या मुळांत बसलेली तांबोशी यांच्यासाठी आठ आणि नऊ नंबर बरोबर पडतात. अंदमानला जे लोक जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली, धरायला जातात ते बारा नंबर नेतात. होडीवर माझं काम हेच झालं. रॉड जोडायचा, दोरी चढवायची, फ्लाय बांधायची, आणि ज्याला जमत नाही त्याला हात धरून शिकवायचं. शिकलो मीही तिथेच, पाहुण्यांकडून आणि होडी हाकणाऱ्या तांडेलाच्या शिव्या खाऊन. त्याला फ्लाय रॉड आवडत नसे. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तो मला बजावायचा, "वारो इलो, आता तुझा पिसा कानात घुसात."

2014 च्या जानेवारीत नागपूरचे एक निवृत्त अभियंता आले. मी त्यांना सर म्हणायचो. उंच, शांत, साठी ओलांडलेले. विदर्भातला माणूस खाडीत भेटला याचा मला फार आनंद झाला. आम्ही वऱ्हाडी बोलायचो आणि तांडेल ऐकत राहायचा. सरांनी परदेशातल्या मुलाकडून आठ नंबरचा नऊ फुटी रॉड आणला होता. दोरी मात्र त्यांनी मला विचारून घेतली. मी सांगितली ती. समुद्रासाठीची, उष्ण प्रदेशासाठीची, खोक्यावर स्वच्छ 8 लिहिलेली.

पहिल्या दिवशी सगळं ठीक होतं. पंचवीस-तीस फुटांवर सर अगदी सुरेख टाकत. रॉड छान भरलाय असं हाताला लागायचं. पण जिताडा कांदळाच्या सावलीत पन्नास फुटांवर असायचा. तिथवर दोरी सोडली की सगळं मोडायचं. मागची दोरी खाली बसायची, पुढची उलगडायच्या आतच कोसळायची, वेटोळं स्वतःवरच आपटून फ्लाय होडीपासून दहा हातांवर पडायची. वाऱ्यात तर विचारूच नका. मी त्यांच्या मागे उभा राहून बघितलं आणि निदान केलं.

"सर, मनगट ढिलं पडतंय. मागे जास्त जाताय."

हे निदान फ्लाय शिकवणारा प्रत्येक माणूस करतो, कारण दहातल्या नऊ वेळा ते खरंच असतं. जवळचं नीट पडतंय म्हणजे दोरी आणि रॉड जुळलेत, लांबचं बिघडतंय म्हणजे हात चुकतोय, असा माझा सरळ हिशेब होता. सरांनी मान डोलावली. ते नागपूरला परतले आणि रोज पहाटे मैदानावर जाऊन फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून सराव करू लागले. हे त्यांनी मला पुढच्या वर्षी सांगितलं. पुढच्या वर्षीही पन्नास फुटांवर तेच झालं. मी परत मनगट दाखवलं. या वेळी मनगटाला पट्टा बांधून दिला, रॉडची मूठ हाताला आवळली जाईल असा. तिसऱ्या वर्षी ते आले ते कोपराला गरम पट्टी बांधून. दोन दिवस बसले, फार टाकलं नाही. निघताना रॉड नेला, पण रील आणि त्यावरची दोरी माझ्या हातात दिली. "कोणाला लागली तर देऊन टाक. माझ्याच्यानं नाही होत गा हे."

ते परत आले नाहीत. मी रील कपाटात ठेवली. विकली नाही, का ते मला सांगता येणार नाही.

2018 मध्ये बाबा आजारी पडले आणि मी पुसदला परतलो. तोवर होडीवर पाहुण्यांचे मोडके रॉड मीच दुरुस्त करायचो, ते काम गावाहून चालू ठेवलं. खाऱ्या पाण्यात रॉडवरच्या दोरी ओवायच्या कड्यांच्या, म्हणजे गाइडच्या, पायाशी गंज धरतो, बांधलेला दोरा फुगतो, सांधे अडकतात. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, त्या दोन महिन्यांत किनाऱ्यावरचे लोक सामान पाठवतात. कुरिअरवाल्याला सुरुवातीला पत्ता पटायचा नाही. समुद्रात मासे धरायचं सामान आणि तेही पुसदला!

इथे एक फायदा मात्र मला अनपेक्षितपणे मिळाला, तो म्हणजे आमचं हवामान. फ्लाय लाइन दोन प्रकारची असते, थंड पाण्यासाठी मऊ थराची आणि उष्ण कटिबंधासाठी कडक थराची. मे महिन्यात माझ्या टिनाच्या छपराखाली दुपारी दोन वाजता दोरी पसरली की खोटं टिकत नाही. थंड पाण्याची दोरी शिजलेल्या शेवईसारखी लोळते, गाइडला चिकटते, पुढे सरकतच नाही. उष्ण प्रदेशाची दोरी तेव्हा ताठ आणि निसरडी राहते. आणि डिसेंबरात पहाटे पूस धरणावर जा, तीच दोरी जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी गुंडाळ्या घालून बसते. हातात धरून दोघांनी ताणून घेतल्याशिवाय एक फूट सरळ होत नाही. पाहुणे म्हणायचे, दोरी खराब झाली. दोरी खराब नसते, तिला पुसदची थंडी ठाऊक नसते.

या सगळ्यात मला आकड्यांचा नाद लागला. आठ म्हणजे नेमकं आठ काय? शोधत गेलो. आधी दोऱ्या रेशमाच्या असत आणि त्यांना इंग्रजी अक्षरं असत, जाडीची. एकाच साहित्याची दोरी होती तोवर जाडी सांगितली की वजन कळायचं. मग नायलॉन आणि प्लास्टिकच्या थराच्या दोऱ्या आल्या. जाडी तीच, वजन वेगळं. सगळा गोंधळ झाला. म्हणून 1961 च्या सुमारास अमेरिकेतल्या सामान बनवणाऱ्यांच्या संघटनेनं अक्षरं टाकून वजनाचे आकडे ठरवले. दोरीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन, ग्रेनमध्ये. आठ नंबर म्हणजे 210 ग्रेन, आठ इकडे-तिकडे चालेल. नऊ म्हणजे 240, दहा म्हणजे 280, अकरा 330 आणि बारा 380. इतकं साधं. आठ हा आकडा वजनाचं टोपणनाव आहे. आणि मी सात वर्षांत एकदाही एकही दोरी तोलून बघितली नव्हती. खोक्यावर छापलंय म्हणजे खरं, असं धरून चाललो होतो. बाबांनी कधी दुकानदाराच्या शब्दावर जाळ्याला शिसं बांधलं नव्हतं.

म्हणून 2019 च्या एप्रिलमध्ये मी कपाटातली सरांची रील काढली. रीलवर तीन वर्षांचं खाडीचं मीठ बसलं होतं. दोरी गोड्या पाण्यात भिजवली, मऊ कापडानं पुसली. बादलीतलं पाणी चाखून बघितलं तर खारट लागलं, म्हणून जास्वंदीला न घालता मोरीत ओतलं. मग टेप, लाल दोरा आणि आबांचं दुकान.

सतरा ग्रॅम म्हणजे 262 ग्रेन. खोक्यावर आठ लिहिलेली ती दोरी नऊच्या पुढे आणि दहाच्या अलीकडे होती. आणि हे झालं तीस फुटांचं. सर पंचेचाळीस फूट दोरी हवेत धरायचा प्रयत्न करत होते. पुढच्या प्रत्येक फुटाला आठ-दहा ग्रेन धरा, त्यांच्या आठ नंबर रॉडवर चारशे ग्रेन लटकत होते, बारा नंबरहूनही जास्त. तीस फुटांपर्यंत रॉड भरल्यासारखा वाटायचा, कारण तिथवर तो नुसता भरत होता. पुढे तो बुडत होता. बाबांच्या तरंग्यांसारखा.

हात बरोबर होता. तीन वर्षं बरोबर होता. मी दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो.

आबांनी पाणी पाठवलं, मग स्वतःच बाहेर आले. मी ग्रेनचा हिशेब समजावायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "ग्रेन आम्हाले काऊन सांगतं? तोळा म्हणजे एकशे ऐंशी ग्रेन. इंग्रजांचा रुपयाही तेवढाच भरे." मला हे खरंच माहीत नव्हतं. नंतर बघितलं. 1833 साली कंपनी सरकारनं रुपया आणि तोळा दोन्ही 180 ग्रेनवर बांधले. बारा मासे म्हणजे एक तोळा, म्हणून मासा पंधरा ग्रेनचा. आठ गुंजा म्हणजे एक मासा. आबांच्या वडिलांच्या काळच्या पितळी डबीत अजून लाल गुंजा आहेत, काळ्या डोळ्याच्या. त्यांनी त्या माझ्या तळहातावर ओतल्या. मग मी एकेक आकडा सांगत गेलो आणि आबा बोलत गेले. 210? "एक तोळा दोन मासे." 240? "एक तोळा चार मासे." 330? "एक तोळा दहा मासे." या तिन्हींत कुठे उरणं नाही, शिल्लक नाही. अमेरिकेत बसून ठरवलेले समुद्राचे आकडे सराफाच्या तोंडी असे बिनचूक बसताना ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आपल्या भाषेत सोन्याचा मासा आणि पाण्यातला मासा एकाच शब्दात राहतात हेही मला तेव्हाच जाणवलं.

तेव्हापासून माझ्याकडे येणारी प्रत्येक दोरी आबांच्या काट्यावर जाते. अनुभव असा की समुद्राच्या दोऱ्या बहुतेक वेळा छापलेल्या आकड्यापेक्षा अर्धा-एक नंबर जड निघतात. हे फसवणुकीनंच होतं असं मी म्हणणार नाही. आजचे रॉड फार ताठ असतात, जवळच्या अंतरावर वाकत नाहीत, म्हणून मुद्दाम जड दोरी बनवतात आणि काही जण ते खोक्यावर ग्रेनमध्ये छापतातही. छापतात ते चांगलं करतात. सरांच्या खोक्यावर नव्हतं. खाडीच्या कडेला कांदळाजवळून वीस-पंचवीस फुटांवर टाकायचं असेल, फ्लाय शिशाच्या डोळ्यांची जड असेल, तर अशी दोरी उपयोगाचीच आहे. पण उघड्या पाण्यात पन्नास-साठ फूट टाकायचं असेल त्याला ती देणं म्हणजे पाठीवर पोतं ठेवून पळायला लावणं. होडीवर सगळेच सांगायचे, वारा आला की नंबर वाढव. मला हे आता पटत नाही. वाऱ्यात लागतो वेग आणि अरुंद वळण. रॉडला न पेलणारी दोरी दोन्ही घालवते. वाऱ्यात दोरी बदलायची तर रॉडही बदला. नाहीतर दोरी तीच ठेवून हवेत कमी सोडा आणि होडी जवळ घ्या. तांडेल कुरकुरेल, कुरकुरू द्या.

क्रमही मी आता उलटा लावतो. लोक विचारतात, माझ्याकडे हा रॉड आहे, दोरी कोणती? मी विचारतो, मासा कोणता आणि फ्लाय केवढी? जिताड्यासाठी बोटभर लांब भिजणारी फ्लाय न्यायला किती वजनाची दोरी लागेल ते आधी. त्या दोरीला पेलणारा रॉड नंतर.

आणि रॉडचा आकडा तरी खरा कशावरून? त्यालाही वजन आहे, फक्त ते उलट्या बाजूनं काढावं लागतं. अमेरिकेतल्या डॉ. विल्यम हॅनेमन यांनी यासाठी एक फार सोपी रीत दिली. रॉड आडवा घट्ट बांधायचा, टोकाला पिशवी अडकवायची आणि रॉडच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्शाइतकं टोक खाली येईपर्यंत पिशवीत एकेक सेंट टाकत जायचं. मी एकाच सालचे रुपये वापरतो, आबांकडे तोलून घेतलेले. आमच्या घराच्या सागवानी खांबाला रॉडची मूठ कापड गुंडाळून बांधतो. नऊ फुटी रॉड म्हणजे टोक तीन फूट खाली यायला हवं, त्या उंचीची भिंतीवर गेरूची रेघ आहे. दुधाची धुतलेली पिशवी, एक रुपया, दोन रुपये... शेंडा आधी पटकन झुकतो, मग रॉडचं पोट वाकायला लागलं की नाण्यामागे बोटभरही येत नाही. शेवटचं नाणं सोडताना मी श्वास रोखतो. पिशवी हलायची थांबते, शेंडा गेरूच्या रेघेवर उभा राहतो. किती नाणी लागली ते वहीत. त्या वहीत आता साठच्या वर रॉड आहेत. कोणता आठ खरा आठ आणि कोणता आठ प्रत्यक्षात नऊ, हे ती वही सांगते. शेजारच्या पोरांना वाटतं, मी रॉडवर पैसे मोजतो. एकाने विचारलं, "काका, किती झाले?"

रॉड वाकताना बघितला की मला बाबांची मानवेलाची काठी आठवते, आणि ही आठवण नुसती भावनेची नाही. कार्बनचे रॉड यायच्या आधी, काचतंतूंचेही यायच्या आधी, फ्लाय रॉड बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या चिकटवून करत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले कारागीर त्यासाठी जो बांबू वापरत त्याला ते कलकत्ता बांबू म्हणत, कारण तो कलकत्त्याच्या बंदरातून जायचा. पुढे चीनचा टोंकिन बांबू आला आणि हा मागे पडला. हा कलकत्ता बांबू म्हणजे आपला मानवेल, त्याच जातीचा. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस. बुरड ज्याच्या कामट्या काढून टोपल्या विणतात तोच. बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मंग तू एवढ्या दूर कायले गेलता?" उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं.

आता सरांचं.

दुकानाच्या पायरीवरून मी त्याच संध्याकाळी फोन केला. नंबर तोच होता. ओळख द्यावी लागली. मी आडपडदा न ठेवता सांगितलं, सर, दोरी मी सांगितली होती, ती आठ नव्हती, जवळजवळ दहा होती, तुमचं मनगट कधीच चुकलं नव्हतं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग ते म्हणाले, "किती भरली?" अभियंता माणूस. मी आकडे सांगितले. त्यांनी पंचेचाळीस फुटांचा हिशेब तोंडी केला आणि माझ्याच उत्तरावर आले. मग म्हणाले, "मी रोज पहाटे जायचो रे मैदानावर." एवढंच. मी माफी मागितली. त्यांनी ती मागू नको असं म्हटलं नाही, आणि ते बरं केलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते पुसदला आले, मुलगी गाडी चालवत होती. पेरणीआधीचे दिवस, ढग येऊन परत जात होते. मी तीन दोऱ्या तोलून ठेवल्या होत्या. सरांचा रॉड खांबाला बांधून नाणी टाकली. तो खरा आठ निघाला, अगदी मधला. मग दोरी निवडायला काही उरलंच नाही. आबा म्हणाले होते, यांना दुकानात आण. सर गेले, आणि 13.6 हा आकडा काट्यावर स्वतः पाहिला. आबांनी दुकानाच्या पावतीच्या पाठीमागे लिहून दिलं, 'एक तोळा दोन मासे', खाली तारीख. सरांनी ती चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

धरणाच्या काठावर पाणी उतरलेलं होतं, भेगाळलेला गाळ आणि त्यावर वाळलेलं गवत. फ्लाय नव्हती, लोकरीचा लाल तुकडा बांधला. कोपर पूर्वीसारखं नाही, दहा मिनिटांवर टाकू नका असं डॉक्टरनी बजावलंय, हे मुलीनं मला दोनदा सांगितलं. सरांनी आधी वीस फूट टाकलं, मग तीस. मी मागे उभा होतो. या वेळी मी काही बोललो नाही. पस्तीस. चाळीस. मागची दोरी खाली बसली नाही. ती त्यांच्या डोक्यावरून मागे गेली, सरळ झाली, क्षणभर हवेत टांगल्यासारखी थांबली, आणि रॉडचं पोट वाकून परत सरळ झालं तसं वळण पुढे निघालं, अरुंद, एकसारखं, पाण्यावर सावली टाकत. लोकरीचा तुकडा शेवटी उलटला आणि पडला.

सरांनी मागे वळून पाहिलं नाही. डाव्या हातातली दोरी सैल केली.

"अजून पाच फूट सोड," ते म्हणाले.